पायथन प्रकल्पांसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायथनमध्ये काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला असा एक दिवस येतो, की काल व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम आज सुरूच होत नाही, आणि त्या प्रोग्रॅमच्या एका ओळीतही बदल झालेला नसतो. बदललेली असतात ती त्याच्या भोवतालची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले आणि आपण बाहेरून आणलेले कोडचे संच. हा दिवस टाळता येतो, आणि त्यासाठी लागणारी सोय, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, पायथनसोबतच येते. खालील उत्तरे पायथन ३ गृहीत धरून लिहिली आहेत. कमांड आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे नेमके काय?

एक साधा फोल्डर. 'व्हर्च्युअल' या शब्दामुळे अनेकांच्या डोळ्यांसमोर व्हर्च्युअल मशीन येते, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. पण येथे तसे काहीही नसते. या फोल्डरमध्ये पायथनच्या इंटरप्रिटरकडे, म्हणजे पायथनचा कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, बोट दाखवणारी एक सिम्बॉलिक लिंक असते (विंडोजवर त्याऐवजी एक छोटी एक्झिक्युटेबल फाइल असते), पॅकेजेस ठेवण्यासाठी 'साइट-पॅकेजेस' नावाचा स्वतंत्र फोल्डर असतो, आणि 'पायव्हीएन्व्ह.सीएफजी' नावाची काही ओळींची एक मजकूर फाइल असते.

सगळी करामत त्या छोट्या फाइलीत आहे. इंटरप्रिटर सुरू होताना आपल्या शेजारी किंवा एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये ही फाइल आहे का ते पाहतो. ती सापडली, तर तिच्यातील 'होम' या नोंदीवरून मूळ पायथन कोठे आहे हे त्याला कळते. प्रमाणित लायब्ररी तो त्या मूळ ठिकाणाहूनच घेतो, मात्र बाहेरून आणलेली पॅकेजेस फक्त या फोल्डरमधील 'साइट-पॅकेजेस'मध्ये शोधतो. म्हणून प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये संपूर्ण पायथनची प्रत तयार होत नाही. आपण एन्व्हायर्नमेंटच्या आत आहोत की नाही, हे प्रोग्रॅममधूनच तपासायचे असेल, तर 'सिस' मोड्यूलमधील 'प्रीफिक्स' आणि 'बेस-प्रीफिक्स' यांची तुलना करावी. दोन्ही वेगळे असतील तर आपण आत आहोत.

एका संगणकावर एकच पायथन आणि त्यात सगळी पॅकेजेस, एवढ्यावर भागत नाही का?

एकच प्रकल्प असेल, तर काही काळ भागते. अडचण अशी, की एका 'साइट-पॅकेजेस' फोल्डरमध्ये एका नावाच्या पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. नोडच्या (म्हणजे जावास्क्रिप्टच्या) जगात दोन लायब्रऱ्यांना एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या हव्या असतील, तर त्या एकमेकींच्या आत घड्या घातल्यासारख्या ठेवता येतात. पायथनमध्ये तशी सोय नाही. नाव एक म्हणजे मोड्यूल एक. त्यामुळे एका जुन्या प्रकल्पाला जँगो (संकेतस्थळे बनवण्याचे पॅकेज) ३.२ हवे आणि नव्याला ५.२ हवे असेल, तर दोघांना एका छपराखाली नांदवता येत नाही. नव्यासाठी दिलेली इन्स्टॉलची कमांड जुने पॅकेज काढून टाकते आणि नवे त्या जागी ठेवते. ते एन्व्हायर्नमेंट दोन प्रकल्प वापरतात, हे पिपला (पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या पायथनच्या साधनाला) ठाऊक असण्याचे कारणच नाही.

आणि हे फक्त थेट मागितलेल्या पॅकेजेसपुरते नसते. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची २.० ही आवृत्ती आली आणि तिच्यात सी भाषेच्या पातळीवरील जोडणी बदलली. नमपाय १ साठी कंपाइल केलेली कित्येक पॅकेजेस तिच्यासोबत चालेनाशी झाली. एखाद्याने नमपायचे नावही न घेता भलतेच पॅकेज अद्ययावत केले, त्याच्यामागोमाग नमपाय बदलले, आणि तिसऱ्याच प्रकल्पातील आलेख काढणारा प्रोग्रॅम बंद पडला, असे सहज घडू शकत होते. ज्यांच्याकडे प्रत्येक प्रकल्पाचे वेगळे एन्व्हायर्नमेंट होते, त्यांना तो बदल आपल्या सोयीने, एकेका प्रकल्पात करता आला.

लिनक्सवर पिप वापरताच 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी त्रुटी येते. हे काय आहे?

ही त्रुटी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःचे केलेले रक्षण आहे. अनेक लिनक्स वितरणांची स्वतःची साधने पायथनमध्ये लिहिलेली असतात आणि ती सिस्टिमच्या पायथनमधील पॅकेजेसवर अवलंबून असतात. त्याच पायथनमध्ये पिपने एखादे पॅकेज बदलले, तर वितरणाच्या पॅकेज व्यवस्थापकाला त्याचा पत्ता लागत नाही आणि एखादे महत्त्वाचे साधन कोलमडू शकते. हे रोखण्यासाठी पेप ६६८ हा प्रस्ताव मंजूर झाला (पेप म्हणजे पायथनमधील बदलांसाठीचा क्रमांकित प्रस्ताव). २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट इन्स्टॉल करणे अडवले जाते.

त्रुटीच्या मजकुरातच 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय सुचवलेला दिसतो आणि घाईत तोच वापरला जातो. त्याचे नाव मुद्दाम इतके उघड ठेवले आहे; ते अक्षरशः खरे मानावे. प्रकल्पासाठी पॅकेज हवे असेल तर एन्व्हायर्नमेंट तयार करावे. टर्मिनलमध्ये कोठूनही चालवायचे एखादे स्वतंत्र साधन हवे असेल, तर पिपएक्स वापरावे. ते प्रत्येक साधनासाठी पडद्यामागे एक वेगळे एन्व्हायर्नमेंट तयार करते आणि फक्त त्याची कमांड बाहेर आणून ठेवते.

एन्व्हायर्नमेंट तयार कसे करावे?

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन३ -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह' ही कमांड द्यावी. यातील पहिले 'व्हीएन्व्ह' हे मोड्यूलचे नाव आहे आणि दुसरे, टिंबाने सुरू होणारे, तयार होणाऱ्या फोल्डरचे. दुसरे नाव काहीही चालते, परंतु हे रूढ असल्यामुळे बहुतेक एडिटर ते आपोआप ओळखतात. डेबियन आणि उबुंटूवर हे मोड्यूल वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेले असते, त्यामुळे तेथे आधी 'पायथन३-व्हीएन्व्ह' हे पॅकेज ॲप्ट या तेथील पॅकेज व्यवस्थापकाने इन्स्टॉल करावे लागते.

'ॲक्टिव्हेट' केल्यावर आत काय घडते?

लोकांना वाटते त्यापेक्षा फारच कमी. टर्मिनलमध्ये आपण 'पायथन' असे टंकतो तेव्हा शेल (टंकलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) 'पाथ' नावाच्या व्हेरिएबलमधील फोल्डर एकामागून एक तपासतो आणि ज्या फोल्डरमध्ये त्या नावाचा प्रोग्रॅम प्रथम सापडतो तो चालवतो. एन्व्हायर्नमेंट वापरायला घेताना चालवायची ॲक्टिव्हेटची स्क्रिप्ट त्यातील 'बिन' फोल्डर (विंडोजवर 'स्क्रिप्ट्स') या यादीच्या अगदी आरंभी नेऊन बसवते. त्यामुळे 'पायथन' आणि 'पिप' ही नावे प्रथम तेथे सापडतात. याशिवाय ती 'व्हर्च्युअल-एन्व्ह' हा व्हेरिएबल भरते, प्रॉम्प्टच्या आधी कंसात एन्व्हायर्नमेंटचे नाव दाखवते आणि हे सगळे पूर्ववत करणारी 'डीॲक्टिव्हेट' ही कमांड उपलब्ध करून देते. एवढेच.

हे नीट समजले, की पुढचे कित्येक गोंधळ आपोआप सुटतात. ॲक्टिव्हेटचा परिणाम फक्त त्याच टर्मिनलपुरता असतो, कारण बदललेला 'पाथ' त्या एका शेलचा आहे. दुसरी खिडकी उघडली की तेथे पुन्हा ॲक्टिव्हेट करावे लागते. लिनक्स आणि मॅकवर ही स्क्रिप्ट थेट न चालवता 'सोर्स' कमांडने का वाचावी लागते, याचेही उत्तर येथेच आहे: थेट चालवलेली स्क्रिप्ट वेगळ्या प्रक्रियेत चालते, आणि कोणतीही प्रक्रिया आपल्या जनक शेलचे व्हेरिएबल बदलू शकत नाही. तसेच ॲक्टिव्हेट केल्यावर 'सुडो पिप' म्हटले (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने पिप चालवले) तर पॅकेज भलत्याच ठिकाणी का जाते, हेही कळते, कारण सुडो सहसा स्वतःचा ठरलेला 'पाथ' वापरतो आणि आपण रचलेली यादी बाजूला पडते. एन्व्हायर्नमेंटमध्ये सुडोची गरज कधीच पडू नये. पडत असेल, तर तो फोल्डर चुकीच्या मालकीने तयार झाला आहे असे समजावे.

क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) किंवा एखाद्या सर्व्हिसमधून स्क्रिप्ट चालवायची आहे. तेथे ॲक्टिव्हेट कसे करावे?

करूच नये. एन्व्हायर्नमेंटमधील इंटरप्रिटरचा पूर्ण मार्ग द्यावा, म्हणजे '.व्हीएन्व्ह/बिन/पायथन' पर्यंतचा संपूर्ण पत्ता आणि त्यापुढे स्क्रिप्टचे नाव. इंटरप्रिटर 'पायव्हीएन्व्ह.सीएफजी' ही फाइल स्वतः शोधतो, त्यामुळे ॲक्टिव्हेट न करताही योग्य पॅकेजेस मिळतात. ॲक्टिव्हेट ही केवळ माणसाच्या टंकलेखनाची सोय आहे.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ॲक्टिव्हेटची स्क्रिप्ट चालत नाही, असे का?

पॉवरशेलच्या अंमलबजावणी धोरणानुसार स्क्रिप्ट चालवण्यास बंदी असते तेव्हा असे होते. 'सेट-एक्झिक्युशनपॉलिसी' या कमांडने फक्त चालू वापरकर्त्यापुरते धोरण 'रिमोटसाइन्ड' करावे. कार्यालयाच्या संगणकावर हे धोरण व्यवस्थापकांनी ठरवलेले असेल, तर जुन्या कमांड प्रॉम्प्टमधील बॅच फाइल वापरावी किंवा वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण मार्ग द्यावा.

व्हीएन्व्ह, व्हर्च्युअलएन्व्ह, कोंडा, पोएट्री, यूव्ही... यांपैकी कोणते वापरावे?

ही नावे एका रांगेत ठेवली जातात, पण ती एकाच कामाची नाहीत. इयान बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह आणले. तेव्हा पायथनमध्ये अशी कोणतीही अंगभूत सोय नव्हती आणि ते काम बऱ्याच खटपटी करून साधावे लागत असे. कार्ल मेयर यांच्या पेप ४०५ या प्रस्तावानुसार २०१२ मध्ये पायथन ३.३ मध्ये व्हीएन्व्ह हे मोड्यूल दाखल झाले आणि 'पायव्हीएन्व्ह.सीएफजी'ची युक्ती थेट इंटरप्रिटरमध्येच आली. २०१४ मधील ३.४ पासून नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपही आपोआप येऊ लागले. व्हर्च्युअलएन्व्ह आजही उपयोगी आहे, अधिक वेगवान आहे आणि त्याच्याकडे पर्यायही जास्त आहेत.

कोंडाची गोष्ट वेगळी. ते स्वतः पायथनलाच एक पॅकेज मानते आणि सी, फोरट्रान किंवा ग्राफिक्स कार्डासाठीच्या लायब्रऱ्याही सोबत आणते, म्हणून वैज्ञानिक गणनेत त्याला मोठे स्थान आहे. पोएट्री एन्व्हायर्नमेंटसोबत अवलंबित पॅकेजेसची नोंद आणि लॉक फाइलही (प्रत्येक पॅकेजच्या नेमक्या आवृत्तीची यादी) सांभाळते. ॲस्ट्रल या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेले, रस्ट भाषेत लिहिलेले यूव्ही आता पोएट्रीची ही सगळी कामे करते, हवी ती पायथन आवृत्तीही उतरवून देते, आणि त्याचा वेग खरोखर जाणवण्याइतका आहे. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा: यूव्हीने तयार केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये मुळात पिप नसते.

माझे मत विचाराल तर पहिला महिना व्हीएन्व्ह आणि पिप यांच्यावरच काढावा. आत काय घडते हे एकदा हातांनी करून पाहिले, की नंतर कोणतेही साधन घेतले तरी ते बिघडल्यावर कोठे पाहायचे हे कळते.

एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर गिटमध्ये (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) टाकावा का?

टाकू नये. त्यात तुमच्या संगणकावरील मार्ग कोरलेले असतात, तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कंपाइल केलेल्या फाइली असतात, आणि तुम्ही लिहिलेली एकही ओळ नसते. पायथन ३.१३ पासून व्हीएन्व्ह नव्या फोल्डरमध्ये स्वतःच एक '.गिटइग्नोर' फाइल (गिटने काय वगळायचे ते सांगणारी) ठेवते. जुन्या आवृत्तीत ती नोंद आपण करावी.

मग गिटमध्ये काय ठेवावे? 'पिप फ्रीझ'ची यादी पुरेशी आहे का?

हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण एन्व्हायर्नमेंट ही टाकून देण्याची वस्तू आहे आणि ते पुन्हा उभे करण्याची कृती ही जपण्याची वस्तू आहे. बहुतेक जण नेमके उलट वागतात: वर्षभर एकच एन्व्हायर्नमेंट जिवापाड सांभाळतात आणि त्यात काय, कधी, का घातले याची नोंद ठेवत नाहीत.

'पिप फ्रीझ' त्या क्षणी आत असलेले प्रत्येक पॅकेज अचूक आवृत्तीसह लिहून देते. त्याचा दोष असा, की त्या यादीत तुम्ही मागितलेले आणि त्याच्यामागून आलेले यांच्यात काहीच फरक दिसत नाही. समजा तुम्ही फक्त फ्लास्क हे वेब-पॅकेज मागितले. त्याच्यासोबत व्हर्कझॉइग, जिंजा, क्लिक, इट्सडेंजरस, ब्लिंकर, मार्कअपसेफ ही मंडळीही आली. सहा महिन्यांनी यादी पाहणाऱ्याला यातील ब्लिंकर आपल्या प्रोग्रॅमला हवे आहे की फ्लास्कला, हे सांगता येत नाही. म्हणून तो काहीच काढत नाही आणि यादी वाढत राहते. प्रयोगापुरते इन्स्टॉल केलेले एखादे पॅकेजही त्यात कायमचे जाऊन बसते.

म्हणून दोन नोंदी ठेवाव्यात. एकीत स्वतःला थेट लागणारी पॅकेजेस आणि त्यांच्या आवृत्तीची सैल मर्यादा हाताने लिहावी. यासाठी आता 'पायप्रोजेक्ट.टॉमल' ही फाइल रूढ आहे, साध्या प्रकल्पात वेगळी मजकूर फाइलही चालते. दुसरी नोंद यंत्राने तयार करावी, ज्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती असेल. हे काम पिप-टूल्समधील 'पिप-कंपाइल', पोएट्री किंवा यूव्ही करते. पहिली नोंद हेतू सांगते, दुसरी स्थिती सांगते, आणि दोन्ही गिटमध्ये जातात. लॉक फाइलचे स्वरूप प्रत्येक साधनाचे वेगळे असणे ही दीर्घकाळची गैरसोय होती. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या पेप ७५१ ने 'पायलॉक.टॉमल' हे सामाईक स्वरूप ठरवून दिले आहे.

नोंद पुरी आहे की नाही, हे ओळखण्याची एकच खात्रीशीर परीक्षा मला ठाऊक आहे: फोल्डर पूर्ण पुसावा, नोंदीवरून नवा उभा करावा आणि प्रोग्रॅमच्या चाचण्या चालवाव्यात. ही परीक्षा महिन्यातून एकदा, शांत दिवशी घ्यावी.

प्रकल्पाच्या फोल्डरचे नाव बदलल्यावर 'पिप' चालेनासे झाले. का?

'बिन' फोल्डरमधील पिपसारख्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो, आणि ॲक्टिव्हेटच्या स्क्रिप्टमध्ये एन्व्हायर्नमेंटच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग असतो. फोल्डर हलला, की ते मार्ग जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहतात. त्या ओळी एकेक करून दुरुस्त करण्यात मी एकदा पूर्ण संध्याकाळ घालवली आहे. नव्याने उभारणीला चार मिनिटे लागली असती.

पायथनची नवी आवृत्ती आल्यावर जुने एन्व्हायर्नमेंट चालते का?

३.१२.४ वरून ३.१२.५ असा छोटा बदल असेल तर सहसा चालते. ३.१२ वरून ३.१३ असा असेल तर नवे एन्व्हायर्नमेंट करावे, कारण लिनक्स आणि मॅकवर पॅकेजेसचा फोल्डर आवृत्तीच्या नावाने असतो आणि सी भाषेतील भाग बहुधा त्या आवृत्तीसाठीच कंपाइल केलेले असतात. व्हीएन्व्ह स्वतः पायथनची दुसरी आवृत्ती आणून देत नाही. ज्या इंटरप्रिटरने ते चालवले, त्याचेच एन्व्हायर्नमेंट तयार होते. ३.१२ पासून आणखी एक बदल आहे: नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'सेटअपटूल्स' आपोआप येत नाही. त्यामुळे काही जुनी पॅकेजेस ते सापडत नाही म्हणून तक्रार करतात. अशा वेळी ते स्वतः इन्स्टॉल करावे.

पॅकेज इन्स्टॉल झाले असे पिप म्हणते, तरी 'मोड्यूल नॉट फाउंड' ही त्रुटी का येते?

बहुतेक वेळा पिप एका पायथनचे आणि चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच पायथनचा असतो. प्रोग्रॅममध्ये 'सिस' मोड्यूलमधील 'एक्झिक्युटेबल' छापून पाहावे. जो मार्ग दिसेल तोच खरा इंटरप्रिटर. त्यानंतर नुसते 'पिप' न म्हणता 'पायथन -एम पिप' अशी सवय लावावी, म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच पदरात पॅकेज पडते. 'पिप-रिक्वायर-व्हर्च्युअलएन्व्ह' हा व्हेरिएबल सुरू ठेवला, तर एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर पिप काम करण्यास नकारच देते, आणि ही शिस्त फार उपयोगी पडते.

ज्युपिटरमध्ये (कोड तुकड्यातुकड्याने चालवण्याच्या नोटबुकच्या साधनात) हा घोटाळा अधिक वेळा होतो, कारण नोटबुक ज्या कर्नलमध्ये, म्हणजे कोड चालवणाऱ्या प्रक्रियेत, चालते तो ज्युपिटर ज्या टर्मिनलमधून सुरू केले त्याच एन्व्हायर्नमेंटचा असेलच असे नाही. प्रकल्पाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'आयपायकर्नल' इन्स्टॉल करून तो कर्नल वेगळ्या नावाने नोंदवावा आणि नोटबुकमध्ये तो निवडावा. एडिटरमध्येही इंटरप्रिटर स्वतंत्रपणे निवडावा लागतो.

कधी दोष एन्व्हायर्नमेंटचा नसतोच. पॅकेजचे नाव आणि इम्पोर्ट करण्याचे नाव वेगळे असू शकते: पिलो इन्स्टॉल करतात पण 'पीआयएल' इम्पोर्ट करतात, सायकिट-लर्नचे 'एसकेलर्न' होते.

एन्व्हायर्नमेंटमुळे अनोळखी पॅकेजपासून संरक्षण मिळते का?

अजिबात नाही. ते पॅकेजेस वेगळी ठेवते, अधिकार वेगळे ठेवत नाही. आत चालणारा कोड तुमच्या सर्व फाइली वाचू शकतो आणि नेटवर्कही वापरू शकतो. स्रोतावरून बांधले जाणारे पॅकेज तर इन्स्टॉल होतानाच स्वतःचा कोड चालवू शकते.

कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेले पाकीट) वापरत असल्यास एन्व्हायर्नमेंट लागते का?

एका कंटेनरमध्ये एकच प्रोग्रॅम असेल तर बहुधा लागत नाही. मात्र एका टप्प्यात पॅकेजेस बांधून दुसऱ्या, लहान टप्प्यात न्यायची असतील, तर सगळे एका फोल्डरमध्ये असणे सोयीचे पडते. दोन्ही टप्प्यांत त्या फोल्डरचा मार्ग आणि पायथनची आवृत्ती सारखी ठेवावी.

एन्व्हायर्नमेंटमध्ये काहीतरी बिघडले आहे असे वाटते. दुरुस्ती कोठून सुरू करावी?

'पायथन -एम पिप चेक' ही कमांड परस्परविरोधी आवृत्त्या दाखवते. कारण जाणून घ्यायचे असेल तर तेथून सुरुवात करावी. कारण कळो न कळो, त्यानंतर 'डीॲक्टिव्हेट' म्हणून बाहेर यावे, '.व्हीएन्व्ह' हा फोल्डर पुसून टाकावा आणि लॉक फाइलवरून तो पुन्हा उभा करावा. तुमचा कोड त्या फोल्डरच्या बाहेर आहे, एवढे मात्र पुसण्याआधी एकदा पाहून घ्यावे.